आर्वीपलीकडून येणारी रेघ

भूगोलाच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला, १९७८ साली, रूपराव दुकानदाराच्या मुलीने, जयवंताने, प्रबंधासाठी आपल्याच गावचा, आष्टीचा आठवडी बाजार घेतला. नागपूरच्या वर्गात सर शिकवत, की विकणारा माणूस जवळचा बाजार सोडून लांब जात नाही. ते नकाशावर दाखवायचं, एवढंच काम होतं.

पण बाजारात तिला कोणी धड उत्तर देईना. रूपराव दुकानदाराची पोर कागद घेऊन गाव विचारत फिरते, म्हणजे नवा कर बसणार, असं बायांनी ठरवूनच टाकलं. ती हिरमुसून उभी होती, तेवढ्यात मिरच्यांच्या ढिगामागून हाक आली. भागीरथा होती. सातवीपर्यंत दोघी एका बाकावर बसत. मग लग्न होऊन भागीरथा आर्वीपलीकडच्या खेड्यात गेली.

तिने सगळं ऐकून घेतलं, कडेवरची पोर शेजारणीकडे सोपवली आणि जयवंताला घेऊन ओळीने फिरली. ती विचारी, बाया सांगत, जयवंता लिहून घेई. मधेच शाळेतल्या बाईंची नक्कल करून दोघी पोट धरून हसल्याही.

घरी नकाशा काढताना गावागावांतल्या रेघा आष्टीत नीट येऊन मिळाल्या. एक तेवढी भलतीच लांब, आर्वी आणि तळेगावचा बाजार ओलांडून आलेली. भागीरथाची. पुढच्या बाजारी जयवंताने कारण विचारलं.

"आर्वीले भाव बरा भेटते," भागीरथा म्हणाली, "पण माय त् इथंच हाये न. मिरच्या घेऊन निघाली का सासू अडवत नाई."

सरांनी ती रेघ खोडायला सांगितली. जयवंता नाही म्हणाली. सरांपुढे असं ती पहिल्यांदाच बोलली. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. तिने कारण सांगितलं, अगदी भागीरथाच्या शब्दांत. त्या गृहस्थांनी चष्मा काढून नकाशा जवळ ओढून पाहिला, आणि रेघ राहिली.

पुढे जयवंता वर्ध्याच्या कॉलेजात शिकवू लागली. माय वारल्यापासून भागीरथा आष्टीला येत नाही, असं वडिलांकडून कळलं. तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आर्वीची एसटी धरून, विचारत विचारत त्या खेड्यात पोचली. भागीरथा अंगण सारवत होती.

"काऊन आली वं?" शेणाचे हात तसेच धरून तिने विचारलं.

सहज, असं जयवंताने सांगितलं. दिवेलागणीपर्यंत दोघी ओट्यावर बोलत बसल्या, आणि सासूनेच आग्रह करून पाहुणीला मुक्कामाला ठेवून घेतलं.