एव्हान्स साहेबांच्या आईचा टोस्ट

यतीनने चमचा वर उचलला, तर पातेलंही त्याच्यासोबत चार बोटं वर आलं.

"सोडत नाहीये," तो म्हणाला.

"ढवळत राहा. थांबलास की गोळा होतो." त्याच्या बायकोने, विभाने, नाकावरून ओढणी बांधली होती.

डब्यातलं चेडर चीज वितळून वर तेल सुटलं होतं आणि खाली शेंबडासारख्या तारा लोंबत होत्या. भर उन्हाळ्यात रियाधच्या बंद टॅक्सीत कुणीतरी बूट काढावेत, तसा वास घरभर पसरला होता. कृतीत बिअर लिहिली होती. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, बिनदारूची मिळते खरी, पण नमाजासाठी दुकान बंद होत होतं, तेव्हा हाताला लागली ती बाटली यतीनने उचलली. ती स्ट्रॉबेरीची निघाली.

"हिरडीसारखा रंग आलाय," तो म्हणाला.

विभाने चिमूटभर हिंग टाकला.

"यात हिंग?"

"साहेबांचं पोट बिघडलं तर तुझी रजा गेली."

सगळं रजेसाठीच चाललं होतं. सव्वीस तारखेला धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि यतीन एकटाच भाऊ. कानपिळीला नवऱ्या मुलाचा कान दुसरं कोण पिळणार? पण एव्हान्स साहेबांनी अर्ज दोनदा परत केला होता, आणि त्यांच्या सहीशिवाय कंपनी सौदीबाहेर जाण्यायेण्याचा व्हिसा काढत नव्हती. साहेब मात्र जेवणाच्या सुट्टीत वेल्समधल्या आपल्या आईच्या या चीज-टोस्टविषयी हटकून बोलत. परमुलखात राहून आईच्या हातच्या पदार्थाचं नाव काढणारा माणूस त्यासाठी झुरतच असणार. यतीनच्या साताऱ्यात कुणालाही विचारा, हेच सांगेल.

साडेसातला साहेब ठरल्याप्रमाणे जेवायला आले. ताटलीकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"हे माझ्यासाठी?"

"आईची आठवण म्हणून, सर."

त्यांनी घास घेतला. ओठापासून टायपर्यंत एक गुलाबी तार लोंबली. साहेबांनी डोळे मिटले. गहिवरले, यतीनला वाटलं. मग त्यांनी तो घास न चावता पाण्याबरोबर खाली ढकलला. सासुरवाडीला कारल्याची भाजी यतीन अशीच संपवायचा.

"आवडलं नाही, सर?"

"मी ऑफिसात याबद्दल काय सांगत असतो?"

"आई दर शनिवारी करायची."

"आणि सतराव्या वर्षी मी घर सोडलं. ते ऐकलं नाहीस?"

यतीनने ऐकलं होतं. शिक्षणासाठी सोडलं असेल, असं त्याने धरून चाललं होतं.

तेवढ्यात विभा आतून आली आणि तिने साहेबांच्या ताटलीत दुसरा टोस्ट सरकवला. पाहुण्याला एकावर उठू द्यायची तिच्या माहेरी पद्धत नव्हती.

"घ्या ना. एकाने काय होतंय?" उलथनं हातात धरून ती तिथेच थांबली.

साहेबांनी उलथन्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"ती अशीच उभी राहायची. माझं संपेपर्यंत."

विभा ओशाळून मागे फिरली.

"जाऊ नका," ते म्हणाले. "राहा इथेच."

ती राहिली. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली आणि खायला लागले. प्रत्येक घासाला मानेची शीर ताठ होत होती, एकदा तर त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. पण कडेला चिकटलेलं करपलेलं चीजसुद्धा त्यांनी नखाने खरवडून खाल्लं. मग ताटली तिला दिसेल अशी तिरकी धरली.

विभाने मान डोलावली.

"अर्ज आण," साहेब यतीनला म्हणाले.

यतीनने आणला. साहेबांनी पेन उघडलं, कागदावर टेकवलं आणि यतीनच्या ताटलीकडे पाहून थांबले. तिथला टोस्ट गार पडून चपलेच्या तळासारखा झाला होता. एका कडेला तेल गोठलं होतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"मिसेस यतीन," ते म्हणाले, "याचं अजून तसंच आहे."

विभा उलथनं घेऊन टेबलाच्या त्या बाजूला गेली.