वायफायला सुतक नसतं

धर्मराजअण्णा गेले आणि गल्लीने सुतक अगदी काटेकोर पाळलं. त्यांच्या घरचं पाणी कुणी तोंडाला लावलं नाही, चहा तर दूरच. वायफाय तेवढं वापरत राहिले. तो प्रश्न समोरच्या किशनलालजींनी, कापडाचे मोठे व्यापारी या अधिकारात, निकालात काढला होता. "ते हवेतून येतं. हवेला कशाचं सुतक?"

वायफाय अण्णांचं. बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झाल्यावर पुण्यातल्या लेकीशी, अर्पिताशी, रोज व्हिडिओवर बोलता यावं म्हणून त्यांनी ते घेतलं, राऊटर गल्लीकडच्या खिडकीत ठेवला आणि पासवर्ड सगळ्यांना सांगून टाकला. एकट्याने एवढं इंटरनेट वापरायचं म्हणजे त्यांना उधळपट्टी वाटे. गल्लीने त्यांना कधी उधळपट्टी करू दिली नाही.

पहिले दोन दिवस घर माणसांनी भरलं होतं. मग गल्ली आपापल्या घरी परतली आणि अण्णांच्याच वायफायवरून अण्णांना भावपूर्ण श्रद्धांजली पाठवू लागली. हलणाऱ्या ज्योती, गळणारी फुलं, मागे बासरी. अर्पिताची आई झुंबरबाई दारात बसून रिकाम्या गल्लीकडे पाहत राही. पुण्याला यायला ती बिलकुल तयार नव्हती आणि अर्पिताची रजा तेरवीपर्यंतच होती. त्यानंतर आईशी दिवसाकाठी दोन शब्द कोण बोलणार, या एकाच घोराने अर्पिताची झोप उडाली होती.

फोटो आणि दिवा ठेवायला खिडकी हवी म्हणून तिने राऊटर मागच्या खोलीत, गव्हाच्या कोठीमागे सरकवला. त्यात दुसरा काही हेतू नव्हता.

त्या संध्याकाळी गल्लीचं दुःख अचानक उफाळून आलं. किशनलालजी आले, त्यांच्या पत्नी प्रेमबाई आल्या. शेजारचा वसंता रोलिंग मिलमधून सुटला तो घरी न जाता डब्यासकट इथेच आला. रेंज बैठकीपर्यंतच पोचत होती, त्यामुळे शोकही तिथेच करणं भाग होतं. सगळे सतरंजीवर माना खाली घालून बसले. अंगठे तेवढे हलत होते. स्क्रीनवर गोल फिरायला लागलं की तेवढ्या वेळात कुणीतरी अण्णांची आठवण काढी. वसंताची मोटरसायकल बंद पडली होती तेव्हा अण्णांनी ती फाट्यापर्यंत ढकलत नेली होती आणि वाटभर त्याला सोयाबीनच्या जाती समजावल्या होत्या. आई हसली. अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच.

मग रोज संध्याकाळी हा शोक भरू लागला. अर्पिता आतल्या आत चरफडत होती.

तेरवीचं जेवण उरकल्यावर किशनलालजींनी तिला बाजूला घेतलं. "बेटा, ती मशीन खिडकीत बराबर होती. आम्ही रोज येऊन बसायचं म्हणजे तुझ्या आईला तकलीफ."

आईच्या तकलिफीची इतकी काळजी पाहून अर्पिताने मान डोलावली. मागच्या खोलीत जाऊन तिने राऊटर उचलला. आई तिथेच भांडी पुसत होती. एकदाचं तिला कळलेलं बरं, असं वाटून अर्पिता म्हणाली, "आई, ही माणसं तुझ्यासाठी येत नाहीत. याच्यासाठी येतात."

"मी काय येडी हाये का?" आईने पुसणं थांबवलं नाही. "कशाला का येईनात, येऊन राह्यलेत ना? ठेव ते तिथंच. अन् त्यांना सांग, वायर पुरत न्हाई."

वायर चांगली लांब होती. अर्पिताने आयुष्यात पहिल्यांदा किशनलालजींशी खोटं बोलून टाकलं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि जाऊन सतरंजीवरची आपली जागा घेतली.

पुण्याला पोचल्यावर दुसऱ्या संध्याकाळी तिने व्हिडिओ लावला. आईच्या मागे दोन पाठी आणि कुणाचा तरी गुडघा दिसत होता.

"जेवलीस का?" अर्पिताने विचारलं.

"मंग बोलू बाई, लोक बसलेत." पडदा काळा झाला.

थोडा वेळ थांबून तिने पुन्हा लावला. या वेळी फोन प्रेमबाईंनी उचलला. "तुझी आई गप्पात हाये बेटा. काही अर्जंट होतं का?"

अर्जंट काहीच नव्हतं. अर्पिताने तसं सांगितलं.