मागे कुणी बसत नाही

माणसाने बसण्यासाठी आजवर जे जे निर्माण केले, त्यात सर्वांत मानाची जागा माझी. मंत्री, न्यायाधीश, नवरदेव, सगळे माझ्यावरच बसतात. पुढे बसून चाक फिरवतो तो नोकर आणि मागे रेलून बसतो तो धनी, हे जगभर मान्य झालेले सत्य आहे.

असे मी कारखान्यात ऐकले होते. प्रत्यक्षात, मित्रांनो, मी एका जुन्या मोटारीची मागची सीट आहे आणि पहिल्या अकरा वर्षांत माझ्यावर बसलेल्यांची यादी अशी: एक छत्री, एक कोबीचा गड्डा आणि दुरुस्तीला निघालेला मिक्सर. यांपैकी मिक्सरला पट्टा लावला होता.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आधी लोखंडी सांगाडा, त्यावर मऊ फोम, त्यावर राखाडी कापड. शेवटची शिवण एका बाईंनी घातली. त्यांनी माझ्यावर मूठ दाबून पाहिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "तीन जण ऐसपैस बसतील बघ. आपली माणसं असली तर चार." ते वाक्य मी आशीर्वाद समजून जपून ठेवले. ती नुसती तपासणी होती, हे फार उशिरा लक्षात आले.

पुढे माझ्यावर जाड, पारदर्शक प्लास्टिक चढवले गेले. आमचे मालक गाडी न्यायला आले तेव्हा दुकानदाराने विचारले, "हे काढून देऊ का?"

"नको नको, राहू द्या," मालक घाईघाईने म्हणाले. "आई-बाबा बसतील तेव्हा काढू."

आई-बाबा दूर गावी होते. वडिलांनी गाडीचा फोटो तेवढा पाहिला. त्या वर्षीची थंडी सरायच्या आत दोघेही गेले. प्लास्टिक राहिले.

मालक म्हणजे हवा तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेतले नेमस्त गृहस्थ. तिथला नाजूक वजनकाटा त्यांच्या ताब्यात होता, म्हणून सगळे त्यांना काटेवाले म्हणत. काम असे, की कागदाची पांढरी गोल चकती तोलायची आणि छपरावरच्या यंत्रात ठेवायची. ते यंत्र दिवसभर शहराची हवा तिच्यातून ओढून घेते. दुसऱ्या दिवशी चकती करडी होऊन खाली येते. ती पुन्हा तोलायची. जेवढे वजन वाढले तेवढी धूळ, धूर आणि काजळी.

हे मला कसे कळले म्हणाल, तर काटेवाले गाडीत एकटेच बोलत. घरी बोलायला कुणी नव्हते. प्रयोगशाळेत बोलले तर श्वासाने काटा हलतो. राहिली गाडी. समोरच्या छोट्या आरशाकडे बघून ते बोलत आणि त्या आरशात मी दिसत असे. त्यामुळे ते माझ्याशीच बोलतात, असा माझा कित्येक वर्षे समज होता. एकटे राहिले की असे समज होतात. त्यांना नावे ठेवू नयेत.

त्यांच्याच वसाहतीत प्रयोगशाळेतले आणखी तिघे राहत. छपरावर चढून चकत्या बदलणारा उंचापुरा छपरावाला, आकड्यांची चित्रे काढणारे आलेखवाले, आणि काचेच्या नळ्यांत रसायने हलवणाऱ्या नळीवाल्या बाई. चौघांचे घर एका गल्लीत, कचेरी एका इमारतीत, वेळ एकच. म्हणून चौघे रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी चार गाड्या काढत आणि एकामागोमाग एक निघत. सिग्नलला थांबले की काचांमधून एकमेकांना हात दाखवत. आलेखवाल्यांच्या गाडीची मागची सीट मला त्या वेळी दिसे. तिच्यावरही कुणी नसे. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत असू. पण आम्हांला हात नाहीत.

प्रयोगशाळेच्या दारात एक आडवा दांडा होता आणि दांड्यापाशी फाटकवाले दादा. प्रत्येक गाडी थांबवायची, तिचा नंबर आणि वेळ वहीत लिहायची, मग दांडा उचलायचा. वीस-पंचवीस गाड्यांची रांग लागे. सगळ्यांची इंजिने चालू, काचा बंद, आत गारवा. दादा मात्र बाहेर, धुराच्या उंचीवर. त्यांना जुना दमा होता. लिहिता लिहिता ते खोकत आणि अक्षर वाकडे झाले की अक्षरालाच रागे भरत.

"साहेब, नंबर लिहीपर्यंत इंजिन बंद ठेवाल का?" एकदा त्यांनी विचारले.

"एवढ्याशा वेळानं काय होतंय, दादा?" काटेवाले म्हणाले.

"ते बी खरंच. डॉक्टर म्हणतो, फाटक सोड. म्हटलं, आठ महिने राहिलेत पेन्शनला. आठ महिने छाती टिकली की मी सुटलो आणि फाटक बी सुटलं." आणि ते हसले. हसण्यातून खोकला आला, खोकल्यातून दांडा वर गेला आणि आमची गाडी आत गेली.

त्याच सुमारास प्रयोगशाळेत एक रहस्य उभे राहिले. छपरावर आणखी एक यंत्र होते, ते दर तासाची हवा मोजी. त्याच्या आलेखात रोज सकाळी साडेनऊच्या सुमाराला एकदम एक टोक वर जाई. त्याला सगळे 'साडेनऊचं शिंग' म्हणू लागले. हे शिंग कुणाचे, याचा शोध सुरू झाला. आधी पलीकडच्या पाववाल्याच्या भट्टीवर संशय गेला. ती पहाटे पाचला विझते असे निघाले. मग वाऱ्यावर संशय गेला. वाऱ्याने काही उत्तर दिले नाही.

आलेखवाल्यांच्या लक्षात आले, की शिंग सुट्टीच्या दिवशी नसते. सिग्नलला काच खाली करून त्यांनी ही बातमी काटेवाल्यांना ओरडून सांगितली.

"म्हणजे गुन्हेगार आपल्या सुट्ट्या पाळतो!"

"सगळ्या?" काटेवाल्यांनी विचारले.

"सगळ्या. दुसऱ्या शनिवारासकट!"

"मग सरकारी माणूस असणार," काटेवाले म्हणाले आणि सिग्नल सुटला. एवढ्या जवळ येऊन ही विद्वान माणसे पुन्हा दूर गेली.

शेवटी एक बैठक ठरली. बाहेरून नऊ तज्ज्ञ बोलावले. ते नऊ गाड्यांतून आले. त्या दिवशी रांग पार रस्त्याच्या वळणापर्यंत गेली, आणि शिंग इतके उंच निघाले की ते कागदाच्या वर गेले. बैठकीत ठरले, की अधिक अभ्यास हवा. मग अकरा वाजता नऊच्या नऊ गाड्या पुन्हा फाटकाशी रांगेत उभ्या राहिल्या, बाहेर जाण्याची वेळ लिहून घेण्यासाठी.

सहाव्या गाडीपाशी दादा खाली बसले. वही हातातून पडली. ते खोकतही नव्हते. नुसता श्वास शोधत होते.

काटेवाले खिडकीतून बघत होते. हा माणूस जिन्यावरून पळत येईल असे मला कधी वाटले नव्हते. त्यांनी गाडी फाटकाशी आणली आणि छपरावाल्याने दादांना दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर ठेवले.

अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली, तो माणूस असा आला.

दादांना रेलताही येईना. प्लास्टिकवरून ते सारखे घसरत होते. घामाने ते त्यांच्या मानेला चिकटे आणि प्रत्येक श्वासाला कर्रकर्र वाजे. काटेवाल्यांनी एकदा आरशात पाहिले, गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, मागचे दार उघडले आणि ते प्लास्टिक टराटरा फाडून काढले.

"साहेब, सीट खराब होईल," दादा पुटपुटले.

"होऊ दे."

दादा कापडावर टेकले. माझ्या फोमला पहिल्यांदाच माणसाच्या पाठीचा आकार आला. ती पाठ फार हलकी होती. तीन मिक्सर ठेवले तरी याहून जड झाले असते.

थोड्या वेळाने श्वास जरा सापडला तसे ते म्हणाले, "मागं एवढी जागा असते होय?"

काटेवाल्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

"आज त्या शिंगाची बैठक होती ना, साहेब? कोण निघालं?"

"कळलं नाही अजून. तुम्ही बोलू नका."

"मला कुणी विचारलंच नाही," दादा म्हणाले. "मी रोज लिहितोय की वहीत. वेळ टाकून, नंबरासकट."

पुढच्या सिग्नलला काटेवाल्यांनी इंजिन बंद केले. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या ओरडू लागल्या, तरी त्यांना पुन्हा चालू करायचे सुचेना.

दादा पाच दिवस दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी काटेवाल्यांनी बैठकीच्या दिवसाची चकती तोलली. परतताना ते आरशाकडे बघून एवढेच म्हणाले, "सगळ्यांत जड निघाली. आणि तिच्यातला काही भाग माझा आहे." माझ्याशीच बोलले असावेत.

त्याच संध्याकाळी वसाहतीच्या आवारात, माझ्या उघड्या दारापाशी, चौघांची सभा भरली.

"माझी गाडी घरी ठेवायची?" छपरावाला म्हणाला. "बॅटरी उतरेल ना."

"मला एकट्याला विचार करायला तेवढाच वेळ मिळतो," आलेखवाले म्हणाले.

"कसला विचार करता?" नळीवाल्या बाई म्हणाल्या. "सिग्नल सुटला तरी हलत नाही तुम्ही. मागे मी असते, मला विचारा."

"अहो बाई, पण रोज एकत्र म्हणजे... बोलायचं काय?"

"नका बोलू. झोपा. तसंही दुपारी झोपताच की."

काटेवाले म्हणाले, "दादांचे आठ महिने राहिलेत. आपल्याला आठ महिने जमेल का, एवढंच विचारतोय."

आळीपाळीने एकेकाची गाडी एकेक आठवडा काढायची असे ठरले. नळीवाल्या बाईंनी अट घातली, की त्या पुढेच बसणार, मागे बसले की त्यांना मळमळते. त्यामुळे छपरावाला आणि आलेखवाले माझ्या वाट्याला आले. पहिल्या सोमवारी दोघे बसले, दारे लागली आणि सहा किलोमीटर कुणीही एक अक्षर बोलले नाही. मला मात्र तो दिवस फार गजबजलेला वाटला. तिसऱ्या दिवशी आलेखवाले घोरले. गुरुवारी चौघे भांडले. शुक्रवारी काटेवाले सगळ्यांदेखत मोठ्याने हसले. अकरा वर्षांत मी ते हसणे ऐकले नव्हते, त्यामुळे आधी मला गाडीतच काही बिघडले असे वाटले.

हळूहळू दुसऱ्या विभागांतले काही लोकही एकत्र येऊ लागले, काही बसने येऊ लागले. दांड्यापाशी इंजिन बंद ठेवण्याची पाटी लागली. पूर्वी रविवारी कोपऱ्यावर भाजीला जायलासुद्धा काटेवाले गाडी काढत. आता ते पिशवी घेऊन चालत जाऊ लागले. साडेनऊचे शिंग नाहीसे झाले नाही, पण त्याचे टेंगूळ झाले. मोठे साहेब मात्र अजून एकटेच येतात. ते साडेअकराला येतात, म्हणून त्यांचे शिंग वेगळे दिसते.

दादा फाटकावर परत आले. खोकला होताच, पण आता खोकल्याखोकल्यांच्या मधे त्यांना आख्खे वाक्य बोलता येई. एकेक करत आठही महिने सरले. शेवटच्या दिवशी त्यांनी वही मिटली, मोठ्या साहेबांच्या हाती दिली आणि फाटकाबाहेर आले. आमची गाडी तिथेच उभी होती. काटेवाल्यांनी माझे दार उघडून धरले.

"बसा दादा. घरी सोडतो."

मी वाट पाहत होते. या वेळी तरी ते बरे असताना बसतील, असे मनात होते.

दादांनी आत वाकून पाहिले, माझ्यावर एकदा हात फिरवला आणि म्हणाले, "नको साहेब. चालतच जातो. आज हवा बरी आहे."

ते गेले. वळणापर्यंत मला त्यांची पाठ दिसत होती. एकदाही थांबले नाहीत.

मित्रांनो, महिन्यातले तीन आठवडे मी आता आवारात आच्छादनाखाली उभी असते. बाहेर चौघांची बडबड येते, दुसऱ्याच गाडीचे दार लागते, आणि मग संध्याकाळपर्यंत काही नाही. एक मांजर येते, ते टपावर बसते. माझ्या वाट्याला पूर्वीही रिकामपण होते आणि आजही आहे, हे मी लपवत नाही. पण पूर्वी मी रिकामी धावत होते आणि आता रिकामी उभी असते. त्या रिकामपणाचा धूर होत असे आणि तो कुणाच्या तरी छातीत जात असे. हे रिकामपण माझे मलाच पुरते. तेव्हा तुमच्या घरी गाडी असेल तर तिला उभी राहू द्या. ती कंटाळेल, पण कंटाळ्याने कुणाला खोकला होत नाही. आणि काढायचीच असेल, तर निघण्याआधी एकदा मागे वळून बघा. तिथे कुणी बसू शकते.

एवढे सांगितले तेव्हा एक लहानशी विनंतीही करते. छपरावाला आणि आलेखवाले आपापल्या गाड्या घरी ठेवून येतात, पण त्यांच्या किल्ल्या सवयीने मागच्या खिशात घालून येतात. गाडी घरी ठेवली, की किल्लीही घरीच ठेवा. फार टोचते.