साउंड या शब्दाची नोंद

काचेपलीकडे बसलेल्या बाबांनी अंगठ्याने बटण दाबलं आणि अलीकडे यंत्रावरचा हिरवा दिवा लागला. थोड्या वेळाने पुन्हा दाबलं, पुन्हा दिवा. कान तपासणाऱ्या बाईंनी आवाजाची चकती आणखी दोन घरं खाली फिरवली. बाबा जाडजूड हेडफोन लावून ताठ बसले होते. सगळा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा त्यांचा चेहरा होता.

"सत्तरीच्या मानाने फारच छान," बाई म्हणाल्या.

त्यांच्या शेजारी बसलेल्या मुलीला ते पटलं नाही. गेल्या महिन्यात एका सभेत स्पीकरमधून कर्कश शिट्टी सुरू झाली होती. लोकांनी कानांवर हात ठेवले, वक्ता बोलायचा थांबला, आणि आवाजाच्या मिक्सरपाशी उभे असलेले बाबा मात्र भाषण रंगात आल्यासारखे मान डोलावत राहिले. तिला हे शेजारणीकडून कळलं. बाबांनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

बाईंनी चकतीवरचा हात उचलला, तसाच हवेत नेला आणि सावकाश खाली आणला. आवाज सोडलाच नाही.

बाबांनी बटण दाबलं. दिवा लागला.

बाईंनी मुलीकडे एकदा पाहिलं, मग उठून खोलीचं जाड दार उघडलं आणि बाबांची खुर्ची भिंतीकडे वळवली. रागावल्या नाहीत. अशी माणसं त्यांना रोजच भेटत असावीत.

आता काचेतून बाबांची पाठ दिसत होती आणि मांडीवरचा उजवा हात. चकती एकेक घर वर चढत गेली. अंगठा बटणावर तयारीत होता. मुलीला ती तयारी चांगली ठाऊक होती. लग्न असो, व्याख्यान असो, शोकसभा असो, माईक चालू करून पहिल्या शब्दाची वाट पाहत ते चाळीस वर्षं असेच उभे राहिले होते. गावात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. ते साउंडवाले, आणि ती साउंडवाल्यांची मुलगी.

दिवा लागला, पण फार उशिराने.

बाहेर आल्यावर दोघं पायऱ्यांजवळच्या बाकावर टेकली. बाबांनी अहवालाची नीट घडी घातली.

"मशीन लावा म्हणतात. साउंडवाल्याच्या कानातच साउंड बसवायचा. लोकांना बरा विषय मिळेल."

ती हसली नाही, म्हणून त्यांनी विषय बदलला.

"आज कुठला शब्द?"

हे त्यांचं रोजचं. एका मोठ्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत ती अकरा वर्षं काम करत होती. संध्याकाळी तिने चपला काढल्या की बाबांचा प्रश्न ठरलेला. ती शब्द सांगायची, तो कुठून आला, वाटेत कसा बदलला. बाबा "वा" म्हणायचे. आई गेल्यावर तर दिवसातलं एवढंच बोलणं कधीकधी धड व्हायचं.

तिने मान रस्त्याकडे वळवली. समोर एक माणूस सायकलच्या चाकात हवा भरत होता. त्याच्याकडे बघतच ती नेहमीच्या आवाजात म्हणाली,

"आज शब्द नव्हता, बाबा. आज मी नोकरी सोडली."

"वा," बाबा म्हणाले.

सायकलवाला हवा भरून निघून गेला, तरी ती तिकडेच पाहत राहिली. नोकरी तिने सोडलीच नव्हती. मग तिने डोळे पुसले, बाबांच्या हातातली घडी घेतली, अहवालाच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरात एक शब्द लिहिला आणि त्यांच्यासमोर धरला.

"साउंड?" बाबांनी चष्मा वर केला. "थट्टा करतेस म्हाताऱ्याची."

"खरंच," ती त्यांच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली. "तीन आठवडे याच्यावरच अडलेय. तुम्हाला सांगायचं टाळत होते."

"का? माझ्याच धंद्यातला आहे."

"हा एक शब्द नाही, बाबा. चार आहेत."

तिने शब्दाखाली चार रेघा ओढल्या आणि एकेकीवर लिहीत सांगू लागली. पहिला आवाजाचा, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला. त्याच्या शेवटी पूर्वी 'ड' नव्हता, तो मागाहून येऊन चिकटला.

"घरजावई," बाबा म्हणाले.

दुसरा मूळचा इंग्रजीच. धडधाकट, शाबूत. इच्छापत्रात शाबूत डोक्याने लिहिलं म्हणतात तो, आणि गाढ झोपेतलाही हाच. तिसरा फ्रेंच खलाशांचा, दोरीला शिशाचं वजन बांधून पाण्याची खोली मोजायची तो. चौथा उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांचा: दोन किनाऱ्यांमधलं चिंचोळं पाणी, पोहून जाता येईल एवढं. चौघांचं एकमेकांशी नातं नाही. झिजत झिजत तोंडवळा मात्र एकसारखा झाला.

बाबा तिच्या ओठांकडे आणि कागदाकडे आळीपाळीने बघत होते. चौथ्या रेघेपाशी पोचल्यावर म्हणाले, "आणि मी जन्मभर एकाच्याच जिवावर जेवलो."

"दुसऱ्याला उदाहरणाचं वाक्य हवंय. गाढ झोपेचं. तीन वाक्यं लिहून दिली, संपादकांना एकही पटत नाही."

बाबांनी कागद मांडीवर ठेवून हाताने सपाट केला.

"तू सहा महिन्यांची होतीस. तुझ्या आईला ताप होता, म्हणून तुला घेऊनच कामावर गेलो. सतरंजीची घडी घातली आणि मोठ्या बॉक्सच्या मागे निजवलं. समोर हजार माणसं, कानठळ्या बसवणारा बँड, आणि तू गाढ. कार्यक्रम संपला, मी बटण बंद केलं, तशी दचकून उठलीस. जी रडायला लागलीस." ते थांबले. "लिही की. बाळ स्पीकरमागे गाढ झोपलं होतं."

तिने लिहून घेतलं.

"कधीपासून, ते विचारलं नाहीस," बाबा म्हणाले.

"कधीपासून?"

"दोन-अडीच वर्षं. आधी पाखरं गेली. मग दारावरची घंटा. मग तू."

"मग रोज शब्द का विचारत होतात?"

"विचारलं नसतं तर तू सरळ आत गेली असतीस," बाबा म्हणाले.

दोघं उठली. फाटकापर्यंत आल्यावर बाबांनी घसा साफ केला. शनिवारी सकाळी मुलींच्या शाळेत बक्षीस समारंभ होता, शब्द देऊन बसले होते. ती आली तर बरं होईल. मागे उभी राहा, शिट्टी सुरू झाली की खांद्यावर हात ठेव, पुढचं मी बघतो, असं ते तिच्याकडे न पाहता म्हणाले.

शनिवारी ती गेली. बाबांनी वायरी पसरल्या, टेपने जमिनीला चिकटवल्या, एक-दोन-तीन म्हणून माईक तपासला. सभागृहाच्या शेवटी मिक्सरच्या टेबलामागे ते उभे राहिले आणि त्यांच्यामागे ती. प्रास्ताविक झालं, बक्षिसं झाली. शिट्टी एकदाही आली नाही. ते सगळं बोटांच्या सवयीने आणि दिव्यांकडे बघून चोख करत होते. शेवटी एक चष्मेवाली मुलगी निबंध वाचायला आली. तिचा आवाज इतका बारीक होता, की सगळं सभागृह जरा पुढे वाकलं. बाबाही वाकले, पण तोवर निबंधातल्या कुठल्याशा वाक्याला इतर लोक हसू लागले होते. मग तेही हसले, जरासे उशिरा.

तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

बाबांचा हात चटकन बटणांवर गेला. त्यांनी एक फिरवलं, दुसरं चाचपलं, दिवे पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी वळून तिच्याकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली, हात मात्र काढला नाही.

ते पुन्हा मंचाकडे वळले. मग, आपण कुजबुजतोय अशा समजुतीत, खणखणीत आवाजात म्हणाले,

"कानाच्या मशीनच्या मापाला परत तिथंच जायचं का गं?"

शेवटच्या दोन रांगांनी मागे वळून पाहिलं.