माप अस्पष्ट, खात्री करावी

चनमल्लप्पांच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात दुपारी एक ते दीड मशिनी बंद असतात आणि तोंडं चालू असतात. अक्कलकोट रोडवरच्या एमआयडीसीतल्या बाकीच्या कारखान्यांतही तसंच असतं, पण तिथं लोक राजकारण बोलतात. इथं काजं-बटणांच्या टेबलाभोवती चार बाया डबे उघडून बसतात. चौघींपैकी एकीलाही नवरा नाही, त्यामुळे विषय बहुधा नवऱ्यांचा असतो.

वयानं मोठ्या चंद्रव्वा. बासष्ट वर्षं, काम बटणांचं, नवरा वारून तीस वर्षं झाली. दुसरी राहत, ओव्हरलॉकच्या मशिनीवर. तिचा तलाक होऊन चार वर्षं झाली, त्यातलं पहिलं वर्ष तिनं फक्त झोप पुरी करण्यात घालवलं. तिसरी सृष्टी, एकोणतीस वर्षांची, कॉम्प्युटरवर ऑर्डरी घेते. तिचं लग्न झालेलं नाही आणि याचा त्रास तिच्याखेरीज सगळ्या सोलापूरला होतो. चौथी मायाक्का. मूळची सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली, आता कुंभारीहून येते. एक्केचाळीस वर्षांची, नऊ वर्षांमागं विधवा झालेली. तिनं बसवलेली कॉलर गळ्यात असली की भित्रा माणूसही साहेब दिसतो.

त्या मंगळवारी सृष्टीनं बातमी दिली की तिनं फोनवर डेटिंगचं ॲप घेतलं होतं आणि काढूनही टाकलं.

‘‘दहा किलोमीटरचं अंतर लावलं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘पहिले दोघं माझे मावसभाऊ निघाले. तिसरे दहावीचे गणिताचे सर.’’

‘‘अय्यो! सरांनी फोटोत काय घातलेलं?’’ चंद्रव्वांनी विचारलं.

‘‘आपण शिवलेला सफारी.’’

‘‘फिटिंग?’’ राहतनं विचारलं.

‘‘खांद्यात उतरलाय.’’

चौघींनीही चुकचुक केली. हे दुःख व्यावसायिक होतं.

‘‘नवऱ्याचं फिटिंग तरी कुठं बघून मिळतं गे,’’ राहत भाकरी मोडत म्हणाली. ‘‘माझ्यावाल्याचं सगळं काम तीन मिनिटांचं. त्यातलं एक मिनिट ‘चष्मा कुठं ठेवू’ यात जायचं. मग म्हणायचा, ‘तू धर.’ मी आपली हातात चष्मा धरून पडलेली, वर पंख्याकडं बघत. पाच वर्षं, चंद्रव्वा! पाच वर्षं मी त्या माणसाच्या चष्म्याचं स्टँड होते.’’

‘‘माझा चांगला होता,’’ चंद्रव्वा म्हणाल्या. ‘‘हौदु, खरंच लई चांगला. फक्त लाजरा. वीज गेली की यायचा, वीज आली की उठून जायचा. त्या वेळी वीज जायची म्हणून मला तीन लेकरं झाली. आताच्या पोरींचं कसं होत असेल देव जाणे, वीज जातच नाही.’’

सृष्टीला ठसका लागला. राहतनं तिच्या पाठीत धपका घातला आणि मोर्चा मायाक्काकडं वळवला.

‘‘आणि तुमचं काय, मायाक्का? टेंभुर्णीची प्यांट आली काय आज?’’

मायाक्कानं शेंगाचटणीत नको तितकं लक्ष घातलं.

टेंभुर्णीची प्यांट म्हणजे नंदीश सुपरवायझर. हायवेवरच्या एका गोदामाला बारा गार्ड आहेत आणि त्यांच्यावर हे एक. वय पंचेचाळीस. बायको सात वर्षांमागं रीतसर घटस्फोट घेऊन गेली, त्याचे कागद त्यांनी लॅमिनेट करून ठेवलेत. माणूस कागदाचा भारी पक्का. गेटातून म्हैस आत आली तरी तिचं नाव, गाव आणि येण्याचं कारण वहीत लिहून घेणार. तर हे गृहस्थ दोन महिन्यांत एकच प्यांट घेऊन चार वेळा, कधी मंगळवारी तर कधी शुक्रवारी, एसटीनं सोलापूरला आले होते. एकदा कंबर अर्धा इंच आत घ्या, पुढच्या खेपेला अर्धा इंच सोडा. आणि दर वेळी प्यांट मायाक्काच्याच हातात द्यायची, जरी तिचं काम कॉलरचं होतं.

‘‘पंधरा दिवसांत माणसाचं पोट आत-बाहेर होत असेल,’’ चंद्रव्वांनी निदान केलं, ‘‘तर एक तर जंत, नाहीतर प्रेम.’’

‘‘जंतच असत्याल,’’ मायाक्का म्हणाली.

‘‘विचारून टाका की सरळ!’’ सृष्टी म्हणाली.

‘‘आन न्हाय म्हणाला तर?’’ मायाक्कानं डबा बंद केला. ‘‘आता येतोय तरी. दर पंदरा दिसानं येतोय, च्या पितोय, ‘बरंय का’ म्हणतोय. मी इचारलं आन त्येच्या मनात काय नसलं, तर प्यांटबी यायची बंद हुईल. मग मी मंगळवार-शुक्कर काय बगत बसू? दरवाजा?’’

मग सृष्टीनं शेजारच्या गठ्ठ्यातून मापाची एक कोरी चिठ्ठी ओढली. ‘‘त्यांना नका विचारू. कसा माणूस पाहिजे ते आम्हाला तर सांगा. मी लिहिते. छाती?’’

‘‘गप ए.’’

‘‘छाती, मायाक्का!’’

‘‘...डोकं टेकण्याइतकी.’’

‘‘वा! बाही?’’

‘‘बाही लांब लिही,’’ राहत मधे पडली. ‘‘दोन्ही हात बाईच्या भोवती जाऊन पलीकडं एकमेकांना भेटले पाहिजेत.’’

‘‘कंबर?’’

‘‘आसंल ती. तीबी आत-बाहेर हुईना का.’’

‘‘उंची?’’

‘‘बेताचीच बरी,’’ चंद्रव्वा म्हणाल्या. ‘‘मुका घ्यायला मान वर करून करून पुढं मणक्याचं होतं.’’

‘‘आणि विशेष सूचना?’’

मायाक्का कानापर्यंत लाल झाली. पण एकदा माप द्यायला उभं राहिलं की मधेच पळता येत नाही, हे तिला धंद्यानं माहीत होतं.

‘‘लिव,’’ ती टेबलाकडं बघत म्हणाली. ‘‘घाई करू नये. आन झाल्यावर पाठ फिरवून घोरू नये. पाच मिंटं तरी बोलावं. काय बी बोलावं. शेरडांचं बोलला तरी चालंल. आन...’’ ती थांबली. ‘‘आन तुला काय पायजे, आसं येकदा तरी इचारावं. मला आजवर कुणी इचारलंच न्हाय. मेंढराला तरी पाणी दाखवून बगत्यात.’’

राहत उगाच हातातला दोरा गुंडाळू लागली. शेवटी सृष्टीनं चिठ्ठीवरचा उरलेला रकाना भरला, ‘कारागीर: मायाक्का’, आणि तेवढ्यात दीडची घंटा झाली.

आता या कारखान्याचे दोन नियम सांगायला हवेत. पहिला असा, की भरलेली चिठ्ठी टेबलावर मोकळी ठेवायची नाही, लगेच ज्याच्या त्याच्या कापडाला टाचायची. हे काम चंद्रव्वांचं. त्यांची शाळा कन्नडमध्ये झालेली, मराठी वाचता येत नाही असं त्या पंधरा वर्षं सांगत आल्या होत्या. त्या दिवशी टेबलावर एकच कापड होतं, टेंभुर्णीच्या नव्या गणवेशांचं. चिठ्ठी त्याला टाचली गेली.

दुसरा नियम कटिंग मास्तर भारत यांच्यामुळं झाला होता. एकदा पुसट मापावर त्यांनी अंदाज बांधला आणि एका शाळेचे नऊ शिपाई पोटऱ्या उघड्या ठेवून झेंडावंदनाला उभे राहिले. तेव्हापासून चनमल्लप्पांनी हुकूम काढला: अंदाज बांधायचा नाही. माप कळलं नाही तर चिठ्ठीचा फोटो थेट गिऱ्हाइकाला पाठवायचा. भारत मास्तर हा नियम श्रद्धेनं पाळत. आयुष्यात त्यांना विनोद कळल्याची नोंद नाही.

चार वाजता ते कानामागं खडू लावून बाहेर आले.

‘‘छाती ‘डोकं टेकण्याइतकी’ म्हणजे किती इंच धरायची?’’

चौघींचेही हात एकदम थांबले.

‘‘डोकं कुणाचं, तेही लिहिलेलं नाही,’’ मास्तर म्हणाले. ‘‘मी काही अंदाज बांधला नाही. नियमाप्रमाणं फोटो पाठवला. ‘माप अस्पष्ट, खात्री करून ताबडतोब कळवावे.’’’

‘‘कुणाला पाठवला?’’ सृष्टीनं विचारलं.

‘‘टेंभुर्णीला. नंदीश सुपरवायझरना.’’

‘‘डिलीट करा मास्तर! आत्ताच्या आत्ता!’’

‘‘वाचलं त्यांनी. निळ्या खुणा झाल्यात. अंगठाही आलाय.’’

मायाक्कानं त्या दुपारी अकरा कॉलरी उलट्या बसवल्या. ‘‘मी उद्यापास्नं यायची न्हाय,’’ ती सुटीच्या वेळी म्हणाली. ‘‘सांगोल्याला जाती आन मेंढरं राखती. नाव घातलंया माजं त्यावर! कारागीर म्हनं!’’

‘‘कारागीर तर कारागीर,’’ चंद्रव्वा शांतपणे बटणं मोजत म्हणाल्या. ‘‘चोर तर लिहिलं नाही.’’

ती सांगोल्याला गेली नाही, कारण शुक्रवारी पोलीस भरतीच्या क्लासचे साठ शर्ट द्यायचे होते. शुक्रवारी सकाळी मात्र टेंभुर्णीहून एसटीनं एक पाकीट आलं. पाकिटावर गोदामाचा शिक्का, जावक क्रमांक आणि ‘मायाक्का यांस’. जेवणाच्या सुटीत सृष्टीनं ते फोडलं. आत बारा चिठ्ठ्या होत्या.

झालं होतं असं, की कागद भरून मागितला आणि नंदीश सुपरवायझरनी भरून दिला नाही, असं आजवर घडलं नव्हतं. गणवेशाच्या ऑर्डरीसोबत आलाय म्हणजे सगळ्यांनी भरायचा, असं ठरवून त्यांनी बारा झेरॉक्स काढल्या आणि बाराही गार्डांना समोर बसवून भरून घेतल्या; घरी विचारायचं होतं त्यांना एक रात्र दिली.

‘‘वाच, वाच,’’ राहत टेबलावर ओणवी झाली.

‘‘गुंडा, राहणार नातेपुते,’’ सृष्टी वाचू लागली. ‘‘छाती: बायकोचं डोकं मोठं आहे तरी बसतं. घाई: घरी विचारून कळवतो.’’ ती थांबली. ‘‘खाली दुसऱ्या अक्षरात लिहिलंय, ‘करतात.’’’

‘‘शाबास गं बाई!’’ चंद्रव्वा म्हणाल्या.

‘‘बिलाल. लग्न परवाच झालं आहे. सध्या फक्त बोलणेच चालू आहे. बाकीचे जमले की लेखी कळवतो.’’

‘‘हाय अल्ला, किती गोड,’’ राहत म्हणाली.

‘‘माउली. पाठ फिरवतो, कारण पाठ दुखते. डॉक्टरची चिठ्ठी सोबत जोडली आहे.’’ खरंच जोडली होती. ‘‘शरणबसव, वय अठ्ठावन्न. हे सर्व बंद होऊन सहा वर्षे झाली. पुन्हा चालू करायचे असल्यास वरून तसा आदेश यावा.’’

राहत हसून हसून जमिनीवरच बसली. सृष्टीच्या डोळ्यांना पाणी आलं. एकटी मायाक्का हसत नव्हती. तिनं बाराही चिठ्ठ्या उलटून पालटून पाहिल्या आणि पाकीट झटकलं.

‘‘त्येची न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘बाराच हायत. सगळ्यांची घेतली आन आपली तेवढी दिली न्हाय. म्हंजे कळलं की मला.’’ तिनं पिशवी उचलली.

‘‘अगे थांब,’’ राहत म्हणाली, पण मायाक्का दरवाजापर्यंत पोचलीही होती. तिथंच ती थांबली, कारण दरवाजात नंदीश सुपरवायझर उभे होते. कडक इस्त्रीत, आणि पहिल्यांदाच हातात प्यांट नव्हती.

‘‘एक राहिली होती,’’ ते म्हणाले आणि आत येऊन खिशातली चिठ्ठी त्यांनी सवयीप्रमाणं सृष्टीसमोर ठेवली. कागद द्यायचा तो ऑर्डरी घेणाऱ्याकडंच. ‘‘पाकिटातून पाठवण्यासारखी नव्हती.’’

सृष्टीनं मायाक्काकडं पाहिलं. मायाक्कानं जमिनीकडं बघत मान डोलावली. सृष्टी वाचू लागली.

‘‘कंबर: तक्रार नाही, कधीच नव्हती. बाही: पुरेशी. घाई करू नये: करत नाही. दोन महिने बघताच आहात. पाठ फिरवून घोरू नये: घोरण्याचे स्वतःला कळत नाही, तरी पाठ फिरवणार नाही. पाच मिनिटे बोलावे: गेटवर बारा तास कुणी बोलत नाही, त्यामुळे बरेच साठले आहे. छाती: अस्पष्ट. समक्ष खात्री करावी.’’ तिनं चिठ्ठी खाली ठेवली. ‘‘बस, एवढंच.’’

‘‘एवढंच कुठं?’’ चंद्रव्वा तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाल्या. ‘‘खालची ओळ राहिली की. ‘शेरडांची माहिती नाही, शिकून घेईन.’’’

तिघींनी वळून चंद्रव्वांकडं पाहिलं.

‘‘काय बघता?’’ चंद्रव्वा म्हणाल्या. ‘‘कन्नड-मराठी शेजारीच की. येता-जाता येतंच थोडं.’’ आणि त्या बटणं निवडू लागल्या, जी आधीच निवडलेली होती.

नंदीश सुपरवायझर घसा साफ करत होते. ‘‘शेवटचं एक कलम मी लिहिलं नाही,’’ ते मायाक्काला म्हणाले. ‘‘ते विचारायचं आहे असं लिहिलंय, म्हणून तोंडी आलो.’’ त्यांनी कवायतीत असल्यासारखे हात बाजूला घेतले. ‘‘तुम्हाला काय पाहिजे?’’

मायाक्कानं पिशवी खाली ठेवली. नऊ वर्षांत, खरं म्हणजे एक्केचाळीस वर्षांत, हा प्रश्न तिच्यापर्यंत पहिल्यांदा पोचत होता.

‘‘इचार करून सांगती,’’ ती म्हणाली. ‘‘लई साठलंय माजंबी. पर पैलं ते अस्पष्ट काय हाय ते बगू द्या.’’

आतून भारत मास्तर लगबगीनं आले. कानावर खडू, हातात वही. ‘‘माप माझ्यासमोर झालं पाहिजे!’’

‘‘मग बघा आणि गप उभे राहा,’’ राहत म्हणाली.

मायाक्का दोन पावलं पुढं आली. टेप तिच्या गळ्यातच होती, तिला तिनं हात लावला नाही. तिनं डोकं तिरकं केलं आणि टेकलं. नंदीश सुपरवायझरनी श्वास धरला, मग त्यांच्या लक्षात आलं की धरायचा नसतो, आणि सोडला.

‘‘सैल पडतं काय?’’ चंद्रव्वांनी विचारलं.

‘‘न्हाय.’’

‘‘टोचतं?’’

‘‘शिट्टी टोचतीया.’’

नंदीश सुपरवायझरनी हळूच खिशातली शिट्टी काढून दुसऱ्या खिशात घातली. दीडची घंटा झाली. कुणी हललं नाही. भारत मास्तर वही उघडून, खडू टेकवून वाट पाहत होते.

‘‘किती लिहू?’’ ते म्हणाले. ‘‘इंचात सांगा.’’

‘‘मास्तर,’’ मायाक्का तिथूनच, डोळे मिटून म्हणाली, ‘‘घाई करू नगा.’’