आग लागण्याचे कारण

"काका, लाईट गेली होती हो! खोटं कशाला बोलू?" टेलरबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. जिन्याला लागून त्यांचं शिवणाचं दुकान होतं, मंगळवारपर्यंत. आता क्लेमचा फॉर्म भरून घ्यायला त्या वर काकांकडे आल्या होत्या. त्यांच्या पिशवीला अजून जळकट वास येत होता.

काका खिडकी ते दार अशा येरझारा घालत होते. एकतीस वर्षं विमा कंपनीत क्लेमचे कागद तपासून ते निवृत्त झाले आणि हाती आलेला पैसा त्यांनी त्याच कंपनीच्या शेअरमध्ये घातला. डिव्हिडंडवर दोघांचं औषधपाणी भागायचं, मुलापुढे हात पसरावा लागत नव्हता. पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. कुठे गोदाम पेटलं, कुठे पूर आला, की "चालले आपले पैसे," म्हणत पेपर मिटायचे. कुणाचा गॅस चालू राहिला, कुणाची वायर लोंबली, की काका हजर. इमारत त्यांना फायरब्रिगेड म्हणे, तेही तोंडावर.

"शेजारचा औषधवाला सांगतो, लाईट होती. कंपनीचा माणूस हसला माझ्याकडे बघून," टेलरबाई सांगत होत्या. "इस्त्री करता करता एकदम गार पडली. दीड वाजला होता. म्हटलं, लाईट येईस्तोवर जेवून येऊ. घाईत बटण बंद करायचं राहिलं, इस्त्री कापडावरच राहिली. ते माझं चुकलंच. चारला येऊन बघते तर धूर!"

"दीड?" काका थांबले. "तुम्ही तर एक वाजताच दुकान बंद करता ना?"

"त्या दिवशी शाळेचे तीस गणवेश द्यायचे होते. उशीर झाला."

काकांनी पुन्हा येरझारा सुरू केल्या. मीटर जिन्यामागे होते, तिथून दुकान दिसत नसे. बाई जेवायला गेल्या की काका रोज दीडला जाऊन त्यांचा मेन स्विच पाडत आणि बाई कधी लवकर आल्या तर, म्हणून तीनला पुन्हा चढवत. बाईंचा विमाही काकांच्याच कंपनीचा, बंद दुकानात आग लागायला नको! दोन वर्षं हा उद्योग गुपचूप चालला होता. मंगळवारीही त्यांनी दीडला स्विच पाडला आणि तीनला नेमाने चढवला.

"काका, मिळतील ना पैसे? दोन्ही मशिनं गेली हो."

काकांना उत्तर तोंडपाठ होतं. 'खोटे विधान, क्लेम नामंजूर.' गप्प बसलं की संपलं. खरं लिहिलं तर कंपनी बाईंना पैसे देईल आणि मग ज्याने आग लावली त्याच्याकडून वसूल करील. तशी पत्रं त्यांनी स्वतः शेकड्यांनी टाइप केली होती. शेअर विकावे लागतील. मुलाला फोन करावा लागेल. त्यांना भीती वाटली, आणि त्याहून जास्त लाज वाटली.

"अहो, बसा की एका जागी," काकू आतून म्हणाल्या. "पायांना चाकं लागलीत का?"

काका बसले. 'आग लागण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी 'सोबत जोडले आहे' असं लिहिलं. मग कोरा कागद घेऊन वळणदार कारकुनी अक्षरात वेळेसकट सगळं लिहून काढलं आणि खाली सही केली. कागद बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो उभ्याउभ्याच वाचला. मग पुन्हा वरपासून वाचला.

"काका," शेवटी त्या हळूच म्हणाल्या, "हे जोडायलाच पाहिजे का?"

"पाहिजे."

टाचणी कुठे सापडेना. काकांनी फाइलमधल्या डिव्हिडंडच्या पत्रांची टाचणी काढली आणि दोन्ही कागद नीट टाचून दिले. पंख्याच्या वाऱ्याने पत्रं खोलीभर झाली.

"अहो, कागद उडतायत!" काकू धावत आल्या.

"असू दे," काका म्हणाले, आणि बसून राहिले.