चोरखिसा

रक्त तपासायचं ठरलं आणि घरातल्या दोन माणसांच्या तोंडचं पाणी पळालं. एक भिंगरी, वय वर्षं पाच, जिचं रक्त काढायचं होतं. दुसरे तिचे आजोबा, ज्यांच्या रक्ताला कुणी हातही लावणार नव्हतं.

झालं होतं असं, की भिंगरी शेजारच्या वाढदिवसाला गेली आणि केक खाऊन आली ती ओठ सुजवूनच. घटकाभरात अंगभर गांध्या उठल्या. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर सगळं उतरलं, पण केकमधल्या नेमक्या कशाने हा घोळ घातला ते कळायला हवं, म्हणून डॉक्टरीणबाईंनी ॲलर्जीची रक्ततपासणी लिहून दिली.

लॅबमध्ये भिंगरी हट्टाने आजोबांच्या मांडीवर बसली. रक्त घेणाऱ्या बाईंनी तिच्या दंडाला पट्टा आवळला, बोटाने शीर चाचपली आणि म्हणाल्या, "थोडं दुखेल हं. ओरडायचं तर ओरड, हात तेवढा हलवू नकोस." भिंगरी ओरडली नाही. तिने आजोबांचा कान ओढून तोंडाशी घेतला. "आजोबा, रक्तात दाणे दिसतील?"

"छे गं!" आजोबा म्हणाले खरे, पण नळीत रक्त चढताना ते अशा नजरेने बघत होते, की आता एखादा दाणा तरंगत वर येतो की काय.

दाण्यांची गोष्ट जुनी आहे, भिंगरीपेक्षा साठ वर्षांनी तरी जुनी. आजोबांनी जन्मभर शिंपीकाम केलं, त्यांच्या वडिलांनीही तेच. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. संध्याकाळी मशीन थांबलं की वडील खुंटीवरचा कोट अंगात चढवत आणि पायरीवर येऊन बसत. त्या कोटाला डाव्या बाजूला, अस्तराच्या आत, एक चोरखिसा होता. बाहेरून बघणाऱ्याला शंकाही येऊ नये असा. त्यात भाजलेले दाणे असत, बरेचदा अजून कोमट. धाकट्या लेकाने हात घालायचा, बापाने दुसरीकडे बघायचं, असा नियम होता. जेवणाआधी अरबट चरबट खाल्लेलं आईला मुळीच खपत नसे. ती आतून हाक मारी, "काय चाललंय रे दोघांचं तिकडे?" आणि बापलेक एका सुरात म्हणत, "काही नाही!" आईला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही, अशी आजोबांची आजवर खात्री होती. त्या दाण्यांची चव पुढे त्यांना कुठेच मिळाली नाही.

दुकान बंद करताना त्यांनी उरलेल्या कापडातून स्वतःला एकच कोट शिवला, चोरखिशासकट. खिसा मोकळा कसा ठेवायचा? आणि नात तर आयतीच होती.

अडचण होती ती सूनबाईंची. बाई सोन्यासारखी, पण लेकीला डोळ्यांत तेल घालून वाढवणारी. शेंगदाणे लहान मुलांना फार वाईट, असं तिने कुठेतरी वाचलं आणि त्या दिवसापासून घरात शेंगदाणा आला नाही. म्हणून मग बागेतला कोपऱ्यातला बाक, साडेपाचची वेळ आणि मोजके दहा-बारा दाणे. आजोबा एकेक दाणा चिमटीत फोडून देत, "नीट चावून खा," म्हणत. वर्षभर हे बिनबोभाट चाललं होतं.

लॅबमधून घरी आल्यावर आजोबांना जेवण गेलं नाही. केक निमित्तमात्र असेल, वर्षभर आपणच पोरीच्या अंगात विष भरलं असेल तर? विश्वासाने मांडीवर बसणाऱ्या नातीचा आपण केसाने गळा कापला, या विचाराने म्हातारा पार खचला. त्याने सुईदोरा घेतला आणि सहा टाके घालून चोरखिशाचं तोंड शिवून टाकलं. संध्याकाळी बाकावर भिंगरीने सवयीने हात घातला आणि तो अस्तरावरच आपटला.

"दार बंद केलंत?"

"हो गं बाई."

तिने हात काढून आपल्याच फ्रॉकच्या खिशात घातला, आणि तेच आजोबांना जास्त लागलं.

आठवड्याने रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी बोट ठेवून दाखवलं. काजूचा आकडा चांगलाच वर होता. केकात काजूची पूड होती, हे शेजारणीने सांगितलंच होतं. आणि खाली शेंगदाण्यापुढे आणखी एक आकडा, छोटा, पण होता.

"बघा! बरं झालं मी दाणे घरात येऊ दिले नाहीत," सूनबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"थांबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त एवढंच सांगतं, की शरीराने ही वस्तू ओळखून ठेवली आहे. ओळख म्हणजे भांडण नव्हे. प्रत्यक्ष खाल्ल्यावर काय होतं ते महत्त्वाचं. हिने कधी दाणे खाल्लेत?"

"कधीच नाही."

"मग तूर्त बंदच ठेवू."

भिंगरी आजोबांकडे बघत होती. आजोबा जमिनीकडे. इकडे आड, तिकडे विहीर. तोंड उघडलं तर सून पुन्हा नातीला आपल्याबरोबर सोडायची नाही. गप्प बसलं तर डॉक्टर पोरीचं औषधपाणी एका खोट्यावर ठरवणार. आजोबांनी घसा खाकरला.

"खाल्लेत. रोज. मी दिलेत."

सूनबाईने त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांना त्या खुर्चीत दिसेनासं व्हावंसं वाटलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन उचललं. किती? दहा-बारा. केव्हापासून? वर्ष झालं. खाल्ल्यावर कधी ओठ सुजले, पुरळ, खोकला, उलटी? कधीच नाही. आजोबा माप सांगावं तसं नेमकं सांगत गेले.

"मग दाण्यांशी हिचं काही वाकडं नाही. काजू मात्र कडक बंद. आणि दाणे थांबवू नका, अंगवळणी पडलेत ते चालू राहू देत." मग त्या आजोबांकडे वळल्या. "या खेपेला चोरी कामी आली. पण एखाद्या वेळी जिवावर बेतलं असतं, आजोबा."

वाटेत भिंगरीने सगळं ओकून टाकलं, शिवलेल्या खिशासकट. दारात चप्पल काढताना सूनबाई म्हणाली, "बाबा, मला एकदा विचारायचं तरी होतंत."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते. पण तिला तिथे बाकावर काही झालं असतं म्हणजे?"

"चुकलो मी," आजोबा म्हणाले. सूनबाई आत गेली आणि कात्री घेऊन आली. "उसवा तो खिसा," म्हणाली आणि पुन्हा आत गेली.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतः दाणे भाजले, वाटीत घातले आणि लेकीपुढे ठेवले. "घे, डॉक्टरांनी सांगितलेत."

"म्हणजे औषध?" भिंगरीने तोंड गच्च मिटलं. तीन दिवस वाटी जशीच्या तशी परत गेली. दाणे थांबवू नका असं बजावलेलं, आणि कारटी शिवायला तयार नाही. आता आली का पंचाईत!

चौथ्या दिवशी संध्याकाळी आजोबांनी खुंटीवरचा कोट काढला तर डावी बाजू जड लागली. उसवलेल्या चोरखिशात हात घातला. दाणे होते, कोमट.

ते कोट चढवून पायरीवर जाऊन बसले. भिंगरी शेजारी येऊन टेकली, तिचा हात अस्तराखाली शिरला, आणि आजोबा नियमाप्रमाणे दुसरीकडे बघू लागले. इतक्यात आतून हाक आली, "काय चाललंय दोघांचं तिकडे?"

"काही नाही!" भिंगरी भरल्या तोंडाने ओरडली.

आजोबांनी वळून बघितलं. सूनबाई दारापासून हातभर अंतरावर पाठमोरी उभी होती. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते.

आजोबा बघतच राहिले. त्यांच्या वडिलांना कपडे शिवण्यापलीकडे काही येत नव्हतं, साधा चहासुद्धा नाही. मग ते दाणे रोज भाजत कोण होतं?

"काही नाही, आई," ते पुटपुटले. त्यांना पुढचं काही दिसेना.

भिंगरीने आपला खारट पंजा त्यांच्या तोंडावर दाबला. "हळू बोला ना! आईला कळेल."